परीक्षण: लिनक्स केव्हीएम, होस्ट कर्नलचा भार कुठे जातो आणि त्यातला किती वाचतो

एकाच मशीनवर डझनावारी हलकी व्हर्च्युअल मशीन चालवायची असतील तर केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवण्याची लिनक्स कर्नलमधली सोय) जसं येतं तसंच पुरतं. डिस्ट्रिब्युशनचा कर्नल, लिबव्हर्टने (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनाने) बनवलेली एक्सएमएल, म्हणजे सेटिंगची फाइल, त्यात काही न बदलता चालू केलं तरी तक्रारीला फारशी जागा नसते. अडचण येते ती एक-दोन जड गेस्ट (गेस्ट म्हणजे व्हर्च्युअल मशीन, ते ज्यावर चालतं तो होस्ट) चालवताना: मोठा डेटाबेस, पॅकेट इकडून तिकडे हलवणारा राउटर, किंवा ठरलेल्या मायक्रोसेकंदांत उत्तर द्यावंच लागतं असं काही. केव्हीएमची डिफॉल्ट सेटिंग कोअर आणि मेमरी अनेकांत वाटून वापरण्यासाठी ठरवलेली आहेत, आणि जड गेस्टला नेमका त्या वाटपाचाच त्रास होतो. हे परीक्षण या दुसऱ्या वापरापुरतं आहे: एक्स८६ प्रोसेसर, लिनक्स होस्ट, क्यूईएमयू (गेस्टला उपकरणं पुरवणारा युजरस्पेसमधला प्रोग्रॅम) आणि लिबव्हर्ट.

आधी निकाल. केव्हीएम स्वतः फार कमी खातं. २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत ते कर्नलात आलं, तेव्हापासून त्याची मूळ रचना साधीच राहिली आहे: गेस्टचा प्रत्येक व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) म्हणजे क्यूईएमयू प्रक्रियेतला एक थ्रेड, आणि तो थ्रेड एका आयऑक्टलमधून (कर्नलला विनंती करण्याच्या कॉलमधून) गेस्टच्या कोडमध्ये शिरतो. गेस्ट आपल्या मर्यादेत गणित करत असेल तोवर प्रोसेसर तो कोड थेट चालवतो, होस्ट कर्नल मध्ये येतच नाही. खर्च होतो तो गेस्टमधून बाहेर पडताना, म्हणजे व्हीएम एक्झिटला. म्हणून ओव्हरहेड (वरखर्च) कमी करणं म्हणजे एक्झिटची संख्या कमी करणं, आणि ज्या टाळता येत नाहीत त्या कर्नलातच मिटवून क्यूईएमयूपर्यंत जाऊ न देणं. या कामासाठी लागणारं सगळं केव्हीएमकडे आहे. फक्त ते चार ठिकाणी विखुरलेलं आहे: कर्नल कमांड लाइन, मॉड्यूल पॅरामीटर, लिबव्हर्टची एक्सएमएल आणि गेस्टचा स्वतःचा कर्नल. एका ठिकाणचं सेटिंग दुसऱ्या ठिकाणच्या सेटिंगवर पाणी फिरवत असेल तर कोणीही सांगत नाही. माझी या उत्पादनाबद्दलची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

मोजमापाची साधनं: इथे पूर्ण गुण

पर्फ केव्हीएम स्टॅट हे साधन एवढं चांगलं आहे की ते न चालवता कुठल्याही सेटिंगला हात लावणं चूकच. लाइव्ह प्रकारात क्यूईएमयूचा प्रक्रिया क्रमांक दिला की प्रत्येक कारणाने किती एक्झिट झाल्या आणि प्रत्येकीला किमान, कमाल व सरासरी किती वेळ लागला याचा तक्ता समोर येतो. कर्नलच्या सोर्ससोबत येणारं केव्हीएम-स्टॅट डीबगएफएसमधले (कर्नलने तपासणीसाठी उघड्या ठेवलेल्या फाइलींमधले) आकडे दाखवतं. वेळ मिळत नाही, पण ते हलकं आहे आणि सतत चालू ठेवता येतं.

तक्ता वाचताना एक चूक हमखास होते. वेळेच्या रकान्यात एचएलटी ९५-९९ टक्के दिसतं आणि लोक घाबरतात. एचएलटी म्हणजे गेस्टकडे काम नाही म्हणून तो थांबला. त्या एक्झिटचा 'वेळ' म्हणजे पुन्हा जाग येईपर्यंतची झोप. तो ओव्हरहेड नाही. आधी ती ओळ बाजूला ठेवा आणि उरलेल्यांची संख्या गुणिले सरासरी वेळ पाहा.

अंदाजासाठी एक हिशेब. आजच्या प्रोसेसरवर गेस्टमधून बाहेर येऊन परत आत जाण्याची नुसती हार्डवेअरची फेरी साधारण १,००० ते २,००० सायकलची असते. ३ गिगाहर्ट्झवर १,५०० सायकल म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद. सेकंदाला एक लाख एक्झिट झाल्या तर ५० मिलिसेकंद गेले, म्हणजे एका कोअरचे ५ टक्के. कॅश आणि टीएलबी (पत्त्यांची भाषांतरं जपणारी प्रोसेसरमधली छोटी कॅश) बिघडण्याचा खर्च यात धरलेला नाही. हीच एक्झिट क्यूईएमयूपर्यंत गेली तर खर्च कित्येक पटींनी वाढतो, कारण मग आयऑक्टलमधून बाहेर पडणं, युजरस्पेसमधला कोड, लॉक आणि परतीचा प्रवास हे सगळं त्यात येतं. त्यामुळे सेकंदाला पाच हजार एक्झिट असलेल्या गेस्टवर दिवसभर मेहनत घेण्यात अर्थ नाही. दीड-दोन लाख असतील तर मात्र घ्यावी.

कारणांची नावंही बरंच सांगतात. आयओ-इन्स्ट्रक्शन जास्त दिसल्या तर कुठलं तरी जुन्या पद्धतीचं उपकरण किंवा टायमर वापरात आहे. इंटेलवर ईपीटी-मिसकॉन्फिग हे नाव पाहून काही बिघडलंय असं वाटतं, पण केव्हीएम मेमरी-मॅप्ड आयओ ओळखण्यासाठी हीच युक्ती वापरतं, आणि व्हर्टआयओची (गेस्टसाठीच बनवलेल्या आभासी उपकरणांची) घंटा, म्हणजे काम आल्याचा इशारा, बहुतेक याच ओळीत मोजली जाते. ईपीटी-व्हायोलेशन म्हणजे गेस्टने मागितलेलं पेज (मेमरीचा तुकडा) होस्टने अजून जोडलेलं नाही. सुरुवातीच्या काही मिनिटांनंतरही ही संख्या मोठी राहिली तर मेमरीची मांडणी बिघडली आहे. एमएसआर-राइटमध्ये गेस्टचे टायमर आणि दुसऱ्या व्हीसीपीयूला पाठवलेले इंटरप्ट येतात. पॉज-इन्स्ट्रक्शन वाढल्या की समजावं, व्हीसीपीयू लॉकची वाट पाहत फिरताहेत आणि लॉक धरून बसलेल्या व्हीसीपीयूला कोअर मिळालेला नाही.

घड्याळ

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित सुधारणा इथे आहे. लिनक्स गेस्टमध्ये सिसएफएसच्या (कर्नलची सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेच्या) क्लॉकसोर्स विभागात करंट-क्लॉकसोर्स नावाची फाइल असते. तिच्यात केव्हीएम-क्लॉक किंवा टीएससी (प्रोसेसरमधला काउंटर) हवं. एचपीईटी किंवा एसीपीआय-पीएम (प्रोसेसरबाहेरचे जुने टायमर) दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी हे दुरुस्त करा.

कारण पाहा. प्रोग्रॅमने वेळ विचारली. केव्हीएम-क्लॉक असेल तर गेस्ट सामायिक पेजवरचे आकडे आणि टीएससी रजिस्टर वाचतो, थोडं गणित करतो आणि सिस्टम कॉलही न करता उत्तर देतो; होस्टला याचा पत्ताही लागत नाही. एसीपीआय-पीएम असेल तर आधी गेस्ट कर्नलात सिस्टम कॉल जातो, तो एका आयओ पोर्टवरून आकडा वाचायला जातो, त्याने एक्झिट होते, केव्हीएम पाहतं की हा पोर्ट आपला नाही, थ्रेड क्यूईएमयूत परततो, क्यूईएमयू वेळ काढून आकडा देतं आणि मग सगळा रस्ता उलटा. ही फेरी अवघ्या तीन मायक्रोसेकंदांची धरली आणि डेटाबेसने सेकंदाला एक लाख वेळा वेळ विचारली, तरी एका कोअरचा ३० टक्के वेळ घड्याळ बघण्यात गेला.

असं का होतं? एक तर गेस्टच्या सीपीयू मॉडेलमधून केव्हीएमची वैशिष्ट्यं लपवलेली असतात, किंवा कोणी तरी जुन्या सल्ल्यावरून गेस्टच्या कमांड लाइनला क्लॉकसोर्स लिहून ठेवलेला असतो. तिसरं कारण शोधायला वेळ लागतो: होस्टनेच टीएससी अस्थिर ठरवून स्वतःला एचपीईटीवर नेलेलं असतं. मग गेस्टमध्ये केव्हीएम-क्लॉक असं दिसतं, पण सिस्टम कॉल न करता वेळ वाचण्याची सोय बंद झालेली असते. म्हणून होस्टवरचीही तीच फाइल पाहावी आणि होस्टच्या लॉगमध्ये टीएससीबद्दलची ओळ शोधावी.

विंडोज गेस्टसाठी हायपर-व्ही एनलाइटनमेंट (विंडोजला आपण गेस्ट आहोत हे कळवून सोप्या वाटा देणाऱ्या सोयी) चालू केल्याशिवाय केव्हीएमबद्दल मत बनवू नये. ती नसतील तर काहीही न करणारी विंडोजसुद्धा टायमरच्या मागे होस्टला सतत कामाला लावते. लिबव्हर्टमध्ये एचपीईटी टायमर 'नाही' करा, हायपर-व्ही क्लॉक 'आहे' करा आणि रिलॅक्स्ड, व्हीएपीआयसी, स्पिनलॉक्स, व्हीपीइंडेक्स, सिनिक आणि एसटायमर ही सहा चालू करा. एसटायमरला सिनिक, व्हीपीइंडेक्स आणि हायपर-व्ही क्लॉक तिन्ही लागतात. एक राहिलं तर तो चालत नाही. स्पिनलॉक्सची रूढ किंमत ८१९१ आहे. विंडोजच्या बूट सेटिंगमध्ये कोणी प्लॅटफॉर्म क्लॉक सक्तीचं केलं असेल तर तेही काढून टाका, नाहीतर या सगळ्याचा उपयोग होत नाही.

सीपीयू मॉडेल

क्यूईएमयू हाताने चालवलं आणि मॉडेल दिलंच नाही तर क्यूईएमयू-६४ नावाचं जुनाट मॉडेल मिळतं. एईएस, एव्हीएक्स नाहीत हे लगेच लक्षात येतं. पीसीआयडी (टीएलबीतल्या नोंदींना खूण लावून वेगळं ठेवण्याची सोय) नाही हे येत नाही. मेल्टडाउनवरचा (प्रोसेसरमधल्या एका सुरक्षा-त्रुटीवरचा) उपाय चालू असलेल्या गेस्टला पीसीआयडी नसेल तर प्रत्येक सिस्टम कॉलला टीएलबी रिकामा करावा लागतो, आणि हा तोटा गेस्टच्या आत होत असल्याने एक्झिटच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. एका होस्टवरून दुसऱ्यावर लाइव्ह मायग्रेशन (गेस्ट चालू असतानाच हलवणं) करायचं नसेल तर सरळ होस्ट-पासथ्रू (होस्टचा प्रोसेसर आहे तसा दाखवणारं मॉडेल) द्या. करायचं असेल तर सगळ्या होस्टमधल्या सर्वांत जुन्या प्रोसेसरचं नावाचं मॉडेल निवडा. इनव्हेरियंट (एकाच वेगाने चालणारा) टीएससी गेस्टला दिला तर टीएससी घड्याळ म्हणून वापरता येतो, पण त्याने मायग्रेशन अडतं. दोन्ही एकदम मागू नका.

मेमरी: इथे खरा पैसा वसूल

गेस्टच्या पत्त्याचं भाषांतर दोनदा होतं, गेस्टच्या पेज टेबलातून (कुठला पत्ता कुठल्या पेजवर हे सांगणाऱ्या तक्त्यातून) आणि मग होस्टच्या दुसऱ्या टेबलातून. इंटेल त्याला ईपीटी म्हणतं, एएमडी एनपीटी. दोन्ही टेबलं चार पातळ्यांची असतील तर टीएलबी चुकल्यावर एका पत्त्यासाठी जास्तीत जास्त २४ वेळा मेमरी वाचावी लागते. दोन्ही बाजूंना २ एमबीची पेज वापरली तर हीच संख्या १५ होते, आणि टीएलबीतली एक नोंद ५१२ पट जास्त मेमरी झाकत असल्याने चुकण्याची वेळच कमी येते. नुसत्या होस्टवर ह्यूज पेज, म्हणजे अशी मोठी पेज, देऊन थांबलात तर टीएलबीमधला फायदा बराचसा हुकतो. गेस्टमध्येही ती हवीत.

६४ जीबीच्या गेस्टला ४ केबीच्या पेजने मेमरी जोडायची तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पेज लागतात. २ एमबीने ३२,७६८. १ जीबीने ६४. पहिल्या स्पर्शाला होणाऱ्या ईपीटी-व्हायोलेशनची संख्या याच आकड्यांवर ठरते.

१ जीबीची पेज बूटच्या वेळीच राखून ठेवा. मशीन काही दिवस चाललं की एवढी सलग मोकळी जागा मिळणं कठीण होतं आणि मागितली त्यापेक्षा कमी पेज हाती येतात. कर्नल एररही देत नाही, तुम्हीच मोजून पाहायचं. दुसरा सापळा न्यूमाचा, म्हणजे प्रत्येक सॉकेटची मेमरी वेगळ्या नोडमध्ये असण्याचा. दोन सॉकेटच्या मशीनवर बूटला १६ पेज मागितली तर ती दोन्ही नोडवर आठ-आठ अशी वाटली जातात. गेस्ट १२ जीबीचा आणि सक्तीने नोड शून्यवर बांधलेला असेल तर एकूण पेज भरपूर असूनही तो सुरू होत नाही. सिसएफएसमध्ये प्रत्येक नोडखाली ह्यूज पेजच्या मोकळ्या संख्येची फाइल असते; तीच खरी मानावी. एक्सएमएलमध्ये मेमरी बॅकिंगखाली ह्यूज पेज, न्यूमाट्यून सक्तीचं, आणि मेमरी आधीच भरून घेण्यासाठी अ‍ॅलोकेशन इमिजिएट, असे तिन्ही द्या.

याची किंमत आहे. अशी मेमरी स्वॅप होत नाही, केएसएम (सारखी पेज एकत्र करणारी सोय) तिला हात लावत नाही आणि बलूनचा (गेस्टकडून मेमरी परत घेण्याच्या सोयीचा) उपयोग जवळपास संपतो. जितकी मेमरी राखली तितकी गेली. ज्यांना गेस्टना आहे त्यापेक्षा जास्त मेमरी वाटून द्यायची आहे त्यांनी ट्रान्सपरंट ह्यूज पेजवरच (कर्नल आपोआप देतो त्यांवरच) राहावं. एमअ‍ॅडव्हाइज हे (मागितली तरच ह्यूज पेज देणारं) सेटिंगही पुरतं, कारण क्यूईएमयू गेस्टच्या मेमरीसाठी ती विनंती स्वतःच करतं. पण मग केएसएम बंद ठेवा. केएसएम सारख्या मजकुराची ४ केबीची पेज शोधून एकत्र करतं आणि त्यासाठी ह्यूज पेज तोडतं. दोन्ही चालू ठेवणं म्हणजे एका हाताने जोडायचं आणि दुसऱ्याने उसवायचं.

आणखी दोन ठिकाणी ह्यूज पेज गुपचूप तुटतात. लाइव्ह मायग्रेशन चालू असताना कोणतं पेज बदललं हे टिपण्यासाठी केव्हीएम ४ केबीच्या जोडण्या वापरतं, म्हणून त्या काळात गेस्ट मंदावतो. दुसरं म्हणजे २०१९ मध्ये उघड झालेल्या आयटीएलबी मल्टिहिट या त्रुटीवरचा उपाय: बाधित इंटेल प्रोसेसरवर गेस्टने ज्या ह्यूज पेजमधला कोड चालवला ते पेज केव्हीएम तोडतं, आणि एक वेगळा थ्रेड तुटलेल्यांपैकी साठावा हिस्सा दर मिनिटाला परत मिळवायचा प्रयत्न करतो. ठरावीक अंतराने येणारे झटके दिसले तर याच थ्रेडवर संशय घ्या. होस्टच्या व्हल्नरेबिलिटीज विभागात तुमचा प्रोसेसर बाधित नाही असं लिहिलं असेल तर हा विषय तिथेच संपला. स्वयंचलित सेटिंग स्वतःच बंद राहतं.

एक पॅकेट कसं बाहेर जातं

गेस्ट पॅकेट व्हर्टआयओच्या रिंगमध्ये (गेस्ट आणि होस्टच्या सामायिक रांगेत) ठेवतो आणि उपकरणाच्या एका पत्त्यावर लिहितो, हीच घंटा. एक्झिट होते. आयओइव्हेंटएफडी (त्या पत्त्याला जोडलेला इशारा) जोडलेला असेल तर केव्हीएम नुसता एक इव्हेंट पेटवतं आणि व्हीसीपीयू लगेच गेस्टमध्ये परत. तिकडे व्हीहोस्ट-नेटचा (व्हर्टआयओ नेटवर्कचं काम होस्ट कर्नलातच करणाऱ्या भागाचा) थ्रेड जागा होतो, रिंग वाचतो, पॅकेट टॅप इंटरफेसमध्ये (होस्टवरच्या आभासी नेटवर्क कार्डात) ढकलतो. क्यूईएमयू या रस्त्यात कुठेच नाही. व्हीहोस्ट कामात असेल तोवर तो रिंगमध्येच 'घंटा नको' अशी खूण ठेवतो, त्यामुळे रहदारी वाढली की प्रत्येक पॅकेटमागची एक्झिट उलट कमी होते. २०१० मध्ये २.६.३४ सोबत आलेली ही रचना अजूनही केव्हीएमची सर्वांत सुंदर बाजू आहे.

परतीच्या वाटेवर इंटरप्ट येतो. एपीआयसीव्ही आणि पोस्टेड इंटरप्ट असलेल्या इंटेल प्रोसेसरवर किंवा एव्हीआयसी असलेल्या एएमडीवर (गेस्टचे इंटरप्ट हाताळण्याच्या या हार्डवेअरमधल्या सोयी) चालू व्हीसीपीयूला इंटरप्ट एक्झिट न होता मिळतो. पण ही सोय न सांगता बंद होऊ शकते. हायपर-व्ही सिनिकमधली ऑटो-ईओआय नावाची सवलत तिच्या आड येते, क्यूईएमयू ६.२ पासून त्यासाठी हायपर-व्ही एपीआयसीव्ही हे वेगळं एनलाइटनमेंट आहे, ते विंडोज गेस्टला द्यावं. एएमडीवर मॉड्यूलचा एव्हीआयसी पॅरामीटर बऱ्याच कर्नलांत मुळातच बंद असतो. तो चालू आहे का हे गृहीत न धरता सिसएफएसमध्ये वाचावं.

व्हीहोस्टच्या थ्रेडना कोअर लागतो हे लोक विसरतात. सगळे व्हीसीपीयू पिन केले, म्हणजे ठरावीक कोअरला बांधले, आणि व्हीहोस्ट त्याच कोअरवर आला तर पॅकेट पाठवणारा आणि पोचवणारा एकमेकांना ढकलत बसतात. कर्नल ६.४ पासून हे थ्रेड क्यूईएमयू प्रक्रियेच्याच थ्रेडमध्ये दिसतात, त्याआधी ते वेगळे कर्नल थ्रेड होते. जुन्या पिनिंग स्क्रिप्ट तिथे रिकाम्या हाताने परततात.

डिस्कबद्दल थोडक्यात: व्हर्टआयओ-ब्लॉक, वेगळा आयओथ्रेड (डिस्कचं काम करणारा क्यूईएमयूचा थ्रेड), कॅश 'नन', आणि एआयओ 'नेटिव्ह' किंवा आयओ-युरिंग. नेटिव्हला डायरेक्ट आयओ लागतो, कॅश राइटबॅकसोबत ते चालत नाही. क्यूकाऊ२ (क्यूईएमयूचा डिस्क-फाइलचा प्रकार) वापरत असाल तर ६४ केबीच्या क्लस्टरला ३२ एमबीची एल२ कॅश (प्रोसेसरची नव्हे, क्यूकाऊ२ च्या तक्त्यांची) २५६ जीबीपर्यंतच पुरते. त्याहून मोठ्या डिस्कवर विखुरलेले रीड मंदावतात, तेव्हा कॅश वाढवा किंवा रॉ वापरा. गेस्टमध्ये आयओ शेड्युलर 'नन' ठेवा. रांग लावण्याचं काम एकदाच, होस्टवर व्हावं.

पिनिंग, आयसोलेशन आणि पोलिंग

या भागाची चर्चा सर्वांत जास्त होते आणि फायदा बहुतेकांना सर्वांत कमी होतो. हिशेब करा: होस्टचा टिक (कर्नलचा ठरावीक अंतराने येणारा टायमर इंटरप्ट) २५० हर्ट्झचा, प्रत्येक टिकला एक्झिटसकट पाच मायक्रोसेकंद गेले असं उदारपणे धरलं, तरी सेकंदाला सव्वा मिलिसेकंद, म्हणजे ०.१२५ टक्के. नोहर्ट्झ-फुल (हा टिक थांबवणारा कर्नल पर्याय) लावून एवढंच वाचणार. थ्रूपुटसाठी ते लावू नये. ते लावायचं लेटन्सीच्या (उत्तराला लागणाऱ्या वेळेच्या) टोकासाठी, जिथे हजारातलं एक उत्तर उशिरा आलं तरी चालत नाही. शिवाय नोहर्ट्झ-फुल कोअरवर कर्नलात शिरताना-निघताना हिशेब ठेवण्याचा जादा खर्च होतो, म्हणजे युजरस्पेसपर्यंत जाणाऱ्या एक्झिट भरपूर असतील तर तोटाच. आणि त्या कोअरवर चालण्याजोगा एकच थ्रेड असेल तेव्हाच टिक थांबतो.

आयसोलसीपीयूजचा (ठरावीक कोअर बाजूला काढणाऱ्या कर्नल पर्यायाचा) धोका मोठा आहे. त्या यादीतले कोअर शेड्युलरच्या समतोलातून बाहेर जातात. मग व्हीसीपीयू एकास एक न बांधता 'चार ते अकरा यांपैकी कुठेही' असं सांगितलं, तर शेड्युलर त्यांना पसरवत नाही. आठही व्हीसीपीयू एकाच कोअरवर साठतात आणि सात कोअर रिकामे. गेस्टच्या टॉपमध्ये स्टील टाइम (होस्टकडून कोअर न मिळाल्याने गेलेला वेळ) ८०-९० टक्के दिसला की आधी हेच तपासा. आयसोलेट करायचं तर प्रत्येक व्हीसीपीयूला एकच कोअर द्या, इम्युलेटर थ्रेड (क्यूईएमयूचे व्हीसीपीयूखेरीजचे थ्रेड) आणि आयओथ्रेड घरकामाच्या कोअरवर ठेवा, उपकरणांचे इंटरप्टही तिकडेच वळवा. हायपरथ्रेडिंग असेल तर जोडीचे दोन्ही थ्रेड एकाच गेस्टला द्या आणि गेस्टच्या टोपोलॉजीतही ते जोडी म्हणूनच दाखवा. रोज बदल करायचे असतील तर बूटच्या ओळीऐवजी सीग्रुप व्ही२ मधलं (प्रक्रियांचे गट करण्याच्या कर्नलच्या सोयीतलं) आयसोलेटेड पार्टिशन बरं, रीबूट लागत नाही.

हॉल्ट पोलिंग वेगळ्या जातीचं आहे. गेस्ट थांबला की केव्हीएम लगेच कोअर सोडत नाही, थोडा वेळ फिरत राहतं; एक्स८६ वर डिफॉल्ट कमाल मर्यादा २,००,००० नॅनोसेकंद आहे. थोडक्या अंतराने झोपणाऱ्या-उठणाऱ्या गेस्टला याचा चांगला फायदा होतो. अनेक गेस्टनी भरलेल्या होस्टवर मात्र हीच वाया गेलेली सायकल असते. डीबगएफएसमध्ये यशस्वी आणि अयशस्वी पोलिंगच्या वेळेचे वेगळे आकडे मिळतात. अयशस्वीचा आकडा मोठा असेल तर मर्यादा ५०,००० वर आणा किंवा शून्य करा. चालू मशीनवर बदलता येतं. गेस्टमध्येच पोलिंग करणारा हॉल्टपोल ड्रायव्हर लिनक्स ५.४ पासून आहे. तो एक्झिटच वाचवतो आणि होस्टचं पोलिंग बंद करायला सांगतो. आपोआप चालू होण्यासाठी त्याला क्यूईएमयूचा डेडिकेटेड हिंट लागतो. हा हिंट व्हीसीपीयू खरोखर एकास एक बांधलेले असतील तरच द्या, कारण त्याने गेस्ट पॅराव्हर्च्युअल स्पिनलॉक (आपण गेस्ट आहोत हे ओळखून वाट पाहताना कोअर सोडणारं लॉक) सोडून देतो, आणि कोअर वाटून असेल तर लॉकच्या रांगा लागतात.

याच्या पुढची पायरी क्यूईएमयूचा ओव्हरकमिट सीपीयू-पीएम हा पर्याय. गेस्टला थांबण्याच्या सूचना थेट प्रोसेसरवर चालवू देतो. एचएलटीच्या एक्झिट शून्य. बदल्यात होस्टला तो कोअर कायम १०० टक्के व्यस्त दिसतो, तुमचं मॉनिटरिंग निरुपयोगी होतं आणि त्या कोअरवर चुकून आलेलं दुसरं काम ताटकळतं. पूर्ण आयसोलेट केलेल्या कोअरवर छान, इतरत्र नको.

सुरक्षेचे उपाय बंद करावेत का

२०१८ पासून आलेल्या प्रोसेसरच्या त्रुटींवरचे उपाय एक्झिटचा रस्ता महाग करतात. त्यांपैकी एल१टीएफ या त्रुटीसाठी इंटेलच्या केव्हीएम मॉड्यूलमध्ये गेस्टमध्ये शिरताना एल१ कॅश रिकामी करण्याचा पॅरामीटर आहे. डिफॉल्ट 'कंडिशनल', म्हणजे गरजेपुरतं. सरसकट सगळे उपाय बंद करण्याचा सल्ला सहज दिला जातो. गेस्टमध्ये अनोळखी माणसाचा कोड चालत असेल तर तो सल्ला कानाआड करा. सगळे गेस्ट तुमचेच आणि तुमच्याच विश्वासाचे असतील तरी आधी एक्झिट कमी करा. प्रत्येक एक्झिटवरचा अधिभार कमी करण्यापेक्षा एक्झिटच न होणं केव्हाही चांगलं, आणि त्यात धोकाही नाही.

पर्यायांशी तुलना

फायरक्रॅकर (क्यूईएमयूच्या जागी वापरायचा हलका प्रोग्रॅम) किंवा क्यूईएमयूचा मायक्रोव्हीएम प्रकार हे वेगळे हायपरवायझर (गेस्ट चालवणारी प्रणाली) आहेत असं समजून लोक त्यांच्याकडे वळतात. खाली दोन्हींना केव्हीएमच आहे. फायरक्रॅकर उपकरणं मोजकीच ठेवतो, म्हणून गेस्ट चटकन सुरू होतो आणि प्रत्येक गेस्टमागे होस्टची मेमरी कमी लागते. हजारो अल्पायुषी गेस्टसाठी तो उत्तम. पण दिवसरात्र चालणाऱ्या डेटाबेसच्या एक्झिटची किंमत त्याने बदलत नाही. व्हीएफआयओने (उपकरण थेट गेस्टच्या हाती देण्याच्या कर्नलच्या सोयीने) नेटवर्क कार्ड किंवा त्याचं एसआर-आयओव्ही फंक्शन (कार्डाने स्वतःच केलेला एक भाग) गेस्टला थेट दिलं तर घंटेची एक्झिटही जाते. त्यासाठी गेस्टची पूर्ण मेमरी पिन होते आणि मायग्रेशन अवघड बनतं. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनमध्ये (गेस्टच्या आत गेस्ट) आतल्या गेस्टची प्रत्येक एक्झिट आधी सर्वांत खालच्या होस्टकडे येते आणि एकीच्या अनेक होतात. तिथे वरचं काहीही लावून समाधानकारक आकडे मिळत नाहीत.

कुठून सुरू करायचं असं विचाराल तर: घड्याळ आणि सीपीयू मॉडेल पहिल्या तासात. मग व्हीहोस्ट व आयओथ्रेड. त्यानंतर ह्यूज पेज आणि न्यूमा, कारण त्याला रीबूट आणि मेमरीचा हिशेब लागतो. पिनिंग त्यापुढे. आयसोलेशन आणि नोहर्ट्झ-फुल फक्त लेटन्सीचं बंधन असेल तर. एका वेळी एकच बदल करा, त्याच लोडवर बदलाआधी आणि बदलानंतर ६० सेकंदांचा पर्फ केव्हीएम स्टॅट जपून ठेवा, आणि होस्टचा कर्नल बदलला की तीच नोंद पुन्हा घ्या. पॅरामीटरचे डिफॉल्ट आणि थ्रेडच्या जागा आवृत्तीगणिक बदलतात.